'ऑझी' म्हणजे नेमकं कोण?

ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात आला की मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर 'कांगारू' अवतरतात. 'कांगारूंची दाणादाण', 'कांगारूंना लोळवलं' असे मथळे आपल्या सवयीचे झालेत. हे नाव आपण त्यांना दिलेलं आहे. ते स्वतःला 'ऑझी' म्हणवतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'एस' येतात, म्हणून आपल्याकडे बरेच जण 'ऑसी' किंवा 'ऑस्सी' लिहितात. अमेरिकेतही पुष्कळदा तसाच उच्चार ऐकू येतो. खुद्द ऑस्ट्रेलियात मात्र तिथे 'झ' उच्चारला जातो. त्या 'झ'वरूनच देशाला 'ऑझ' असं आणखी आखूड नाव पडलं.

शब्द आखूड करून त्याच्या शेवटी 'ई' किंवा 'ओ' लावणं ही ऑस्ट्रेलियन इंग्रजीची जुनी खोड आहे. डास म्हणजे मॉस्किटो, त्याचा झाला 'मॉझी'. सकाळची न्याहारी 'ब्रेकी', टपाल वाटणारा 'पोस्टी', दुपार म्हणजे आफ्टरनून ती 'आर्वो'. अशा बोलण्यात आपुलकी असते आणि मोठेपणाचा आव नसतो. मराठीत गणेशचा 'गण्या' होतो, सलीमचा 'सल्या' होतो, तोच हा प्रकार. मात्र 'सल्या' कोणी म्हणायचं, याला मर्यादा आहेत. शाळेपासूनच्या दोस्ताने म्हटलं तर त्यात जिव्हाळा असतो. अनोळखी माणसाने त्याच नावाने हाक मारली तर तो अपमान वाटतो. टोपणनाव कोण कोणाला देतो आणि कोण स्वतःसाठी वापरू शकतो, यात सत्तेचा आणि जवळिकीचा हिशेब दडलेला असतो. 'ऑझी' या दोन अक्षरी साध्या शब्दाचा इतिहास असाच आहे. हा शब्द कोणाला लागू झाला आणि कोणाला नाही, हे पाहत गेलं तर त्या देशाची शंभर-सव्वाशे वर्षं डोळ्यांसमोरून सरकतात. आणि त्या इतिहासात मुसलमान पानोपानी भेटतात.

खंदकातलं नाव

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे संघराज्य बनलं. तरीही तिथला माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होता. 'ऑस्ट्रेलियन नागरिकत्व' ही कायदेशीर गोष्ट २६ जानेवारी १९४९ पासून अस्तित्वात आली. म्हणजे नागरिकत्व येण्याच्या कितीतरी आधी टोपणनाव आलं होतं. ते रुळलं पहिल्या महायुद्धात. घरापासून हजारो मैल दूर असलेले सैनिक आपल्या देशालाही 'ऑझी' म्हणत आणि एकमेकांनाही. १९१८ मध्ये फ्रान्सच्या युद्धभूमीवर फिलिप हॅरिस यांनी सैनिकांसाठी एक मासिक काढलं, त्याचं नावच 'ऑझी' होतं. जोडीला 'डिगर' हा शब्द होता. मूळ अर्थ खणणारा. १८५० च्या दशकात सोन्याच्या शोधात जमीन उकरणाऱ्यांसाठी तो वापरला जाई. पुढे खंदक खणणाऱ्या सैनिकाला तो चिकटला.

या सगळ्या नावांची जन्मकथा ऑस्ट्रेलियन लोक गॅलिपोलीपासून सांगतात. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं सैन्य तुर्कस्तानच्या या किनाऱ्यावर उतरलं. समोर उस्मानी खिलाफतीचं सैन्य होतं. आठ महिने चाललेली ही मोहीम अपयशी ठरली. आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन तिथे मारले गेले. तुर्कांची हानी त्याहून कितीतरी पटीने मोठी होती. २५ एप्रिल हा 'अँझॅक दिन' आजही ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवर पाळला जातो.

खंदकांमधलं अंतर काही ठिकाणी इतकं कमी होतं की पलीकडचं बोलणं ऐकू यायचं. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी समोरच्या तुर्काला नावं दिली, 'जॉनी टर्क', 'जॅको' आणि 'अब्दुल'. सुरुवातीला त्यात तुच्छता होती. लढाई लांबली तसा सूर बदलत गेला. हा अब्दुल चिवट आहे, आपल्यासारखाच घरदार सोडून आलेला आहे, अशी कबुली त्या नावात उतरली. आपल्याकडे समाजमाध्यमांवर 'अब्दुल' हे नाव कोणत्या सुरात घेतलं जातं, ते वेगळं सांगायला नको. नाव तेच असतं, सूर बदलतो.

गॅलिपोलीच्या कथेतला एक भाग मात्र बराच काळ झाकोळलेला राहिला. ऑस्ट्रेलियन सैन्याला तोफांचा आधार देणाऱ्या पहाडी तोफखान्याच्या तुकड्या भारतीय होत्या. कोहाट आणि जेकब या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यांत पंजाबी मुसलमान आणि शीख होते. पाणी, दारूगोळा आणि रसद खेचरांवर लादून गोळीबारातून डोंगरावर चढवणारे खेचरवालेही भारतीय होते. म्हणजे 'ऑझी' सैनिकाच्या समोर मुसलमान होता आणि त्याच्या शेजारीही मुसलमान होता. अँझॅकच्या कथेत समोरच्याला जागा मिळाली. शेजारच्याला ती मिळायला फार वर्षं गेली.

'अफगाण' आणि 'हिंदू'

मुसलमान ऑस्ट्रेलियात नव्हते असं नाही. युद्धाच्या अर्धशतकाआधीपासून ते तिथे होते. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध शोधमोहीम मेलबर्नहून निघाली. त्यासाठी जॉर्ज लँडेल्स यांनी कराचीहून जहाजाने उंट आणि उंटवाले आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि १९३६ पर्यंत राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पोहोचलेले हे उंटवाले आपल्याच इलाख्याच्या बंदरातून गेले, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा माहीत नसते. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी शंभरावर उंट आणि तीस-एक उंटवाले मागवले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दोन ते चार हजार उंटवाले आले असा अंदाज आहे.

देशाच्या मध्यभागात पाणी नव्हतं, घोडे-बैल टिकत नव्हते. तारायंत्राचे खांब, रेल्वेचे रूळ, खाणीतलं यंत्र, मेंढपाळांची लोकर, दुष्काळी गावांसाठी पिठाची पोती, सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं. १८७२ मध्ये दक्षिण आणि उत्तर किनारा जोडणारी तारेची लाइन पूर्ण झाली, त्यातही उंटांचा वाटा होता.

हे उंटवाले कंदाहार, पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा वेगवेगळ्या मुलखांतून आलेले. त्यांच्या भाषा वेगळ्या, टोळ्या वेगळ्या. गोऱ्या वसाहतकारांनी सरसकट सगळ्यांना 'अफगाण' करून टाकलं. त्यांच्या वस्त्यांना 'घान टाउन' म्हणत. त्या गावाच्या एका कडेला असायच्या, बहुधा रेल्वे रुळांच्या पलीकडे. दुसरीकडे खेड्यापाड्यांतून कापड, सुया, औषधं विकत हिंडणारे पंजाबी फेरीवाले होते. त्यांना 'हिंदू' म्हटलं जाई. मग तो शीख असो की मुसलमान. लाहोर-जालंधरकडचा पाचवक्त नमाजी माणूसही तिथल्या लोकांच्या लेखी 'हिंदू' असे. बाहेरून दिलेलं टोपणनाव किती बेफिकीर असतं, याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही.

या लोकांनी मुळं मात्र धरली. मॅरीच्या वाळवंटी वस्तीत मातीची मशीद उभी राहिली. अ‍ॅडलेडमध्ये १८८८-८९ च्या सुमारास दगडी मशीद बांधली गेली. १९०३ मध्ये तिला मिनार चढले, आणि ती आजही उभी आहे. अनेकांनी तिथल्या आदिवासी स्त्रियांशी लग्नं केली. बेजा दरवेश हा बलोच उंटवाला १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत होता. वाळवंटात त्याने दाखवलेल्या धैर्याबद्दल मोहिमेचे प्रमुख लॉरेन्स वेल्स यांनी आपलं होकायंत्र त्याला भेट दिलं. दिशा दाखवणाऱ्या माणसाला याहून योग्य भेट कोणती असेल!

या इतिहासात एक काळी तारीखही आहे, ती टाळून चालणार नाही. १ जानेवारी १९१५ रोजी ब्रोकन हिल या खाणगावात गुल मोहम्मद आणि मुल्ला अब्दुल्ला या दोघांनी सहलीला निघालेल्या रेल्वेवर गोळीबार केला. चार निरपराध माणसं मारली गेली. हल्लेखोरही ठार झाले. त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला आणि उंटवाल्यांच्या तळाकडे मोर्चा वळवला. पोलिस आणि सैनिकांनी त्यांना अडवलं म्हणून पुढचं टळलं. दोघांच्या गुन्ह्यासाठी सगळ्या वस्तीला जाब विचारायची रीत शंभर वर्षांपूर्वीही होती.

पन्नास शब्दांची भिंत

आता कायद्याकडे येऊ. नव्या संघराज्याच्या संसदेने पहिल्याच वर्षी, १९०१ मध्ये, स्थलांतर निर्बंध कायदा केला. 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचा हा पाया. कायद्यात 'आशियाई लोकांना बंदी' असं स्पष्ट लिहिणं लंडनला नको होतं. हिंदुस्थानचे लोक साम्राज्याचे प्रजाजन होते, आणि जपानलाही दुखवायचं नव्हतं. म्हणून आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीची युक्ती उचलली गेली. तिथे १८९७ मध्ये हिंदी व्यापारी आणि मजुरांना रोखण्यासाठी भाषेच्या चाचणीचा कायदा झाला होता. गांधीजी तेव्हा तिथेच वकिली करत होते.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात चाचणी अशी होती: अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचेल आणि उमेदवाराने तो लिहून दाखवायचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. ज्याला आत येऊ द्यायचं नाही, त्याला न येणारी युरोपीय भाषा निवडायची. १९०९ नंतर ही चाचणी एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हे प्राग शहराचे फॅसिझमविरोधी लेखक ऑस्ट्रेलियात आले. त्यांना अनेक भाषा येत होत्या. अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे स्कॉटिश गेलिक भाषेतला उतारा ठेवला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि कायद्याच्या अर्थाने ही युरोपीय भाषाच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सरकारची नाचक्की झाली, पण चाचणी १९५८ पर्यंत कायम राहिली.

१९०२ च्या मतदान कायद्याने ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींना आणि आशिया-आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना, थोडे अपवाद वगळता, मताधिकार नाकारला. १९०३ च्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिक करून घेण्याची वाट बंद केली. ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना केंद्रीय निवडणुकीत मत मिळालं ते १९२५ मध्ये. त्याच १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात उंट मारण्याचा कायदा झाला. मोटारी आणि रेल्वे आल्या होत्या, उंटांची गरज संपली होती. पुष्कळ उंटवाल्यांनी आपल्या जनावरांवर गोळी झाडण्याऐवजी ती रानात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियात जे रानटी उंट आहेत, ते त्यांचेच वंशज. ज्या रेल्वेने उंटवाल्यांची रोजीरोटी घेतली, तिलाच लोक 'घान' म्हणू लागले. बहुतेक जण हे नाव त्या 'अफगाणां'शीच जोडतात. ही गाडी १९२९ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोहोचली, २००४ पासून थेट डार्विनपर्यंत जाते, आणि तिच्या डब्यांवर उंटाचं चित्र असतं. माणसं परकी ठरली, त्यांचं टोपणनाव तेवढं देशाच्या अभिमानात जमा झालं.

दुसऱ्या बाजूने दिलेली नावं

गोऱ्यांनी इतरांना नावं दिली तशी इतरांनीही त्यांना दिली. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँड भागात योल्ङू आदिवासी राहतात. ते गोऱ्या माणसाला 'बलांडा' म्हणतात. हा शब्द मुळात 'हॉलंडर', म्हणजे डच. तो त्यांच्याकडे आणला मकासरच्या मुसलमान दर्यावर्दींनी. आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून हे लोक समुद्रकाकडी गोळा करायला दरवर्षी वाऱ्याबरोबर यायचे आणि वाऱ्याबरोबर परत जायचे. इंग्रजांची वसाहत होण्याआधीपासूनचा हा व्यवहार होता. योल्ङू भाषेत पैशाला 'रुपिया' म्हणतात, तोही याच वाटेने गेलेला शब्द. आपल्या खिशातला रुपया आणि त्यांचा रुपिया एकाच कुळातले. १९०६-०७ च्या सुमारास सरकारने परवाने बंद केले आणि शतकाहून जुनं हे नातं तुटलं. शब्द मात्र राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटली, ग्रीस, लेबनॉन इथून आलेल्यांच्या मुलांनी शाळेत गोऱ्या मुलांना 'स्किप' म्हणायला सुरुवात केली. 'स्किपी' नावाच्या कांगारूची टीव्ही मालिका गाजली होती, त्यावरून. म्हणजे मराठी क्रीडा पत्रकार आणि सिडनीतली लेबनीज पोरं एकमेकांना न भेटता एकाच जनावरापाशी येऊन थांबली.

वाळूवर लिहिलेला शब्द

१९६७ मध्ये ऑस्ट्रेलियाने तुर्कस्तानशी स्थलांतराचा करार केला. ज्यांच्या आजोबांना खंदकातून 'अब्दुल' म्हणून हाक मारली गेली होती, त्यांची नातवंडं कारखान्यांत कामाला आली. सिडनीच्या ऑबर्न भागात त्यांनी उस्मानी शैलीची देखणी मशीद बांधली आणि तिचं नाव ठेवलं 'गॅलिपोली'. त्याच वर्षी झालेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजायला संमती दिली. १९७३ पर्यंत श्वेत ऑस्ट्रेलिया धोरण पूर्णपणे मोडीत निघालं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये 'ऑझी, ऑझी, ऑझी, ऑय, ऑय, ऑय' ही आरोळी जगभर पोहोचली.

कायद्यातली भिंत पडली, पण शब्दातली राहिली. ११ डिसेंबर २००५ रोजी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर सुमारे पाच हजारांचा जमाव जमला. आठवडाभर आधी तिथे जीवरक्षक आणि लेबनीज वंशाच्या काही तरुणांत मारामारी झाली होती. जमावाने अरब दिसेल त्याला मारलं. पुढच्या रात्री दुसऱ्या बाजूनेही गाड्या फोडल्या, लोकांवर हल्ले केले. त्या दिवशी क्रोनुलाच्या वाळूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शंभर टक्के ऑझी अभिमान. खंदकातल्या सोबतीतून रुळलेला शब्द लाठीसारखा वापरला गेला.

अकरा वर्षांनी तोच शब्द एका वेगळ्या माणसाने भिंतींवर लावला. अ‍ॅडलेडचे चित्रकार पीटर ड्रू यांना राष्ट्रीय अभिलेखागारात १९१६ चा एक फोटो सापडला. फोटो मोंगा खान याचा. पंजाबहून आलेला मुसलमान, व्हिक्टोरिया राज्यात फेरीवाल्याचा धंदा करणारा. डोक्याला फेटा, ताठ मान, रोखलेली नजर. हा फोटो सरकारी कागदासाठी काढलेला होता. ऑस्ट्रेलियात आधीपासून राहणाऱ्या आशियाई माणसाला मायदेशी जाऊन परत यायचं असेल, तर भाषेच्या त्या चाचणीतून सूट मिळवावी लागे. त्यासाठी समोरून आणि बाजूने फोटो, हाताचे ठसे, ओळखीच्या माणसांच्या शिफारशी द्याव्या लागत. आरोपीचा काढावा तसा हा फोटो. ड्रू यांनी तो मोठा केला, खाली एकच शब्द छापला, 'ऑझी', आणि २०१६ मध्ये देशभर हिंडून अशी हजारभर भित्तिपत्रकं चिकटवली. पुढे त्याच अभिलेखागारातले आणखी चेहरेही भिंतींवर आले.

त्या भित्तिपत्रकात नवं काहीच नव्हतं. फोटो सरकारचा, शब्द जनतेचा. दोन्ही शंभर वर्षांपासून त्या देशात होते, पण कोणी त्यांना एका कागदावर आणलं नव्हतं. युद्धात 'ऑझी' हा शब्द रुळत होता, नेमका त्याच काळात मोंगा खान त्याच देशात राहण्यासाठी सूट मागत होता.

उझी आणि ऑझी

२०११ च्या जानेवारीत उस्मान ख्वाजा ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारा पहिला मुसलमान ठरला. जन्म इस्लामाबादचा, वाढ सिडनीची. सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन रिवाजाप्रमाणे त्याचं नाव आखूड केलं, 'उझी'. जानेवारी २०२२ मध्ये ॲशेस जिंकल्यावर खेळाडू शँपेन उडवू लागले, तसा ख्वाजा मंचावरून बाजूला झाला. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्याने सगळ्यांना बाटल्या खाली ठेवायला लावल्या आणि ख्वाजाला हात करून बोलावलं. मग सगळ्यांचा फोटो निघाला. जल्लोष काही सेकंद थांबला, एवढंच.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात आठ लाखांहून जास्त मुसलमान नोंदले गेले, लोकसंख्येच्या ३.२ टक्के. त्यांच्यावरचा संशय संपला असं म्हणता येणार नाही. पण त्यांची मुलं स्वतःला ऑझी म्हणवतात आणि त्यासाठी कोणाची सूट मागत नाहीत.

हा सगळा दूरदेशीचा मामला वाटेल. तरी 'मराठी माणूस' हा शब्द उच्चारल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोणाचा चेहरा येतो, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात, मराठवाड्यात, देशावर राहिलेल्या मुसलमानाला आजही 'तुमचं मराठी छान आहे हो' अशी दाद मिळते. दाद देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आपल्या घरच्या माणसाच्या बोलीचं कोणी असं कौतुक करत नाही. ऑस्ट्रेलियाने पन्नास शब्दांची परीक्षा १९५८ मध्ये बंद केली. आपली परीक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती बंद करायला संसद लागणार नाही. ती रोजच्या बोलण्यातून जावी लागेल.